दीर्घिकांचा पत्ता

नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास, मुलुंडमधल्या आमच्या गच्चीवर देवयानी जवळजवळ डोक्यावर येते. माथ्यापासून थोडी उत्तरेला कललेली असते, एवढंच. उभं राहून बघितलं तर मान धरते. म्हणून पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसायचं, उत्तरेकडे शर्मिष्ठेचा 'एम' शोधायचा, त्याचं जास्त टोकदार अंग बाणासारखं धरायचं आणि दुर्बीण हळूहळू वर सरकवत न्यायची. खालचे एलईडी दिवे आणि वर धुळीचा पडदा, तरी मिनिटभरात एक पुसट डाग सापडतो. काचेवर ओलं बोट टेकवून उचललं की जसा ठसा राहतो, तसा. यापलीकडे मुंबईच्या उपनगरात देवयानी दीर्घिका काही दाखवत नाही. पण तो डाग २५ लाख प्रकाशवर्षांवरचा आहे, आणि त्यात आपल्या आकाशगंगेपेक्षाही जास्त तारे आहेत.

गेल्या वर्षी हा डाग मी आमच्या इमारतीतल्या, दहावीतल्या एका मुलीला दाखवला. तिला शाळेत प्रकल्प होता. दीर्घिकांचे प्रकार तिला पाठ होते: सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित. डाग बघून ती खास खूश झाली नाही. "काका, ही सर्पिल आहे ते माहितेय मला. पण ही सर्पिलच का झाली? दुसरी का नाही झाली?"

त्या रात्री मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न नेमका होता. गेली शंभर वर्षं खगोलशास्त्राच्या एका मोठ्या शाखेत याच प्रश्नाभोवती काम चाललं आहे, आणि त्याचं निम्मं-अधिक उत्तर दीर्घिकेच्या आत नाही, बाहेर आहे. ती कुठे राहते, शेजार कोणाचा, गर्दी किती. पुस्तकांत 'दीर्घिकांचे प्रकार' एका प्रकरणात असतात आणि 'विश्वाची विशाल रचना' दुसऱ्या. माझ्या मते ही फाळणी चुकीची आहे. दोन्ही मिळून एकच विषय आहे.

आधी प्रकारांचं बघू, तिथे फार वेळ लागणार नाही.

'दीर्घिका' हा मराठीने घेतलेला शब्द मला फार आवडतो. मुळात तो लांबट तळ्यासाठी, पुष्करिणीसाठी आहे. आपल्या घरच्या दीर्घिकेला आपण गंगा म्हणतो आणि बाकीच्यांना तळी. पाण्याचं हे नातं पुढेही सुटत नाही, ते येईलच.

देवयानीतला डाग आपल्याच आकाशगंगेतला धुराचा ढग आहे की वेगळं गाव, यावर १९२० साली हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांचा जाहीर वाद झाला होता. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना त्या डागात एक स्पंदणारा तारा सापडला. अशा ताऱ्याचा उजेड किती दिवसांनी कमी-जास्त होतो यावरून तो खरा किती तेजस्वी आहे ते कळतं, आणि त्यावरून अंतर. अंतर इतकं निघालं की डाग आपल्या घरचा असणं शक्यच नव्हतं. मग १९२६ मध्ये हबल यांनी दिसण्यावरून वर्गवारी लावली. एकीकडे लंबवर्तुळाकार दीर्घिका: गोल किंवा अंडाकृती, गुळगुळीत, पिवळट-लालसर, म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेल्या. दुसरीकडे सर्पिल: चपटी तबकडी, मध्ये फुगवटा, बाहूंमध्ये निळे तरुण तारे आणि धुळीच्या काळ्या रेघा. सर्पिलांचे पुन्हा दोन फाटे, मध्ये दांडा असलेल्या आणि नसलेल्या. आपली आकाशगंगा दांडेवाली. दोन्हींच्या मधोमध भिंगाकार दीर्घिका बसतात, ज्यांना तबकडी आहे पण बाहू नाहीत. कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित, उदाहरणार्थ दक्षिणेकडचे मॅगेलनचे दोन ढग.

या तक्त्याला लोक हबलचा स्वरकाटा म्हणतात. तो पुढे पिढ्यानपिढ्या घोकला गेला. त्यात एक घोळही राहून गेला: लंबवर्तुळाकार दीर्घिकांना 'आधीच्या' आणि सर्पिलांना 'नंतरच्या' म्हणायची रीत पडली. वयाचा हिशेब प्रत्यक्षात जवळपास उलटा आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे ज्यांचा कारभार आटोपला आहे अशा. त्यांच्यात थंड वायू जवळपास उरलेला नाही, त्यामुळे नवे तारे जन्मत नाहीत. सर्पिलांकडे वायूची शिल्लक आहे. म्हणून 'ही सर्पिल का' या प्रश्नाचा खरा अर्थ 'हिच्याकडे अजून वायू कसा टिकला' असा होतो. शिल्लक कशी संपते हे कळायला मात्र वस्तीत हिंडावं लागतं.

वस्तीचा नकाशा काढणं ही उशिरा जमलेली गोष्ट आहे. फोटोत आकाश सपाट दिसतं. पुढची दीर्घिका आणि तिच्यामागे शंभरपट दूर असलेली दीर्घिका शेजारी-शेजारी दिसतात. खोली मोजायला प्रत्येकीचा वर्णपट घ्यावा लागतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. ही ताम्रसृती मोजली की अंतर कळतं. पूर्वी एकेका दीर्घिकेसाठी दुर्बिणीला बराच वेळ लागायचा, म्हणून नकाशा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता. १९८६ मध्ये व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची एक पातळ चकती घेऊन सुमारे ११०० दीर्घिका अंतरासह मांडल्या. दीर्घिका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या निघतील अशी बऱ्याच जणांची समजूत होती. कागदावर उतरली ती हातपाय पसरलेल्या काडीच्या माणसासारखी आकृती. मोठमोठे रिकामे गोल, आणि त्यांच्या कडांवर दाटीवाटीने बसलेल्या दीर्घिका. तीन वर्षांनी गेलर आणि हुक्रा यांनी सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं लांबीची 'महाभिंत' जाहीर केली. त्याआधी १९८१ मध्येच भूतेश तारकासमूहाच्या दिशेला तीसेक कोटी प्रकाशवर्षांची एक प्रचंड पोकळी सापडली होती, पण एक पोकळी म्हणजे अपवाद, असं तेव्हा म्हणता येत होतं. १९८६ नंतर ती सोय राहिली नाही.

हे चित्र डोळ्यांपुढे आणायला उपनगरातल्या माणसाला फारसे कष्ट नाहीत. रात्रीच्या विमानाने पूर्वेकडून मुंबईत उतरताना उजवीकडची खिडकी मिळाली तर बघा. खाली घाटकोपर येतं. उत्तरेकडे मध्य रेल्वेची दिव्यांची रांग भांडुप, मुलुंड, ठाण्याकडे जाते. पलीकडे पश्चिम रेल्वेची रांग अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत. रांगेत ठरावीक अंतरावर उजेडाच्या गाठी. आणि दोन रांगांच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुळशी, विहार, आरे: काळंभोर. विश्वाचा नकाशा असाच आहे, फक्त लांबी-रुंदीसोबत त्याला खोलीही आहे. रांगा म्हणजे तंतू, गाठी म्हणजे दीर्घिकांचे समूह, आणि काळा भाग म्हणजे पोकळी. तो काळा भागही पुरता रिकामा नाही. उद्यानात पाडे आहेत, तसे पोकळ्यांतही थोड्या, बहुतेक लहान, निळसर दीर्घिका आहेत. अंधेरी-घाटकोपर मेट्रोसारखे आडवे दुवेही आहेत.

उपमा इथवर चालते. रूळ कोणी टाकले, इथे ती अडखळायला हवी होती, पण गंमत म्हणजे तिथेही बऱ्यापैकी टिकते. मुंबई-ठाणे-कल्याण रेल्वेची कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनिअरला १८४३ साली भांडुपला असताना सुचली, असा इतिहास आहे. गाडी १८५३ मध्ये धावली. तेव्हा भांडुप-मुलुंड म्हणजे शेती आणि झाडी. आधी रूळ आले, मग दिवे. विश्वातही रूळ आधी होते, न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ मध्येच सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या कोमा समूहात दिसलं होतं की तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने पळताहेत की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर तो समूह कधीच विस्कटायला हवा होता. काहीतरी अदृश्य त्यांना धरून ठेवतंय. आज हिशेब असा लागतो की महास्फोटानंतर विश्व जवळपास एकसारखं होतं, घनतेतला फरक लाखात एक इतकाच. जिथे जरा जास्त होतं तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी ओढलं, जिथे कमी होतं तिथलं होतं-नव्हतं तेही निघून गेलं. १३.८ अब्ज वर्षांत या सावकारी व्याजाने आजचं जाळं विणलं. तेजस्वी दीर्घिका या कृष्णद्रव्याच्या रुळांवर पेटलेले दिवे आहेत. फरक एवढाच की या रुळांचा आराखडा कोणी काढला नव्हता.

जाळं कसं विणलं गेलं, यावर एकेकाळी दोन तट होते. रशियातल्या याकोव झेल्दोविच यांच्या मते आधी मोठाले पापड थापले गेले आणि ते फुटून दीर्घिका झाल्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आधी लहान दीर्घिका आणि त्या एकत्र येऊन समूह. या भांडणात महाराष्ट्राचा थेट हात आहे, आणि त्याची सुरुवात मुलुंडहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या कल्याणमध्ये होते.

१९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी गोविंद स्वरूप यांनी कल्याणला भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, जेमतेम १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या भेट म्हणून मिळाल्या होत्या. त्यांची मांडणी करून सूर्याचा अभ्यास केला गेला. तिथून पुढे १९७० मध्ये उटीची दुर्बीण, डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब. उटीच्या निरीक्षणांवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की दूरच्या रेडिओ दीर्घिका आकाराने जवळच्यांसारख्या दिसत नाहीत. म्हणजे विश्व काळानुसार बदलत आलं आहे, आणि हे महास्फोटाच्या बाजूने पडतं. त्याच काळात त्याच संस्थेत जयंत नारळीकर होते, १९७२ मध्ये केंब्रिजहून परतलेले, आणि महास्फोट न मानणाऱ्या पक्षाचे जगातले एक बिनीचे शिलेदार. एकाच छपराखाली विरुद्ध पक्षाचा पुरावा तयार होत होता. पुढे नारळीकरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि तिथल्या लोकांनी महास्फोटाच्याच चौकटीत मोठमोठी कामं केली. नारळीकर शेवटपर्यंत आपल्या शंकांवर ठाम राहिले. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा अनेकांनी त्यांच्या विज्ञानकथा आठवल्या. मला हे छप्पर आठवलं.

कल्याणहून माळशेज घाट चढून नारायणगावकडे गेलं की खोडद येतं. द्राक्षं, टोमॅटो, तमाशाच्या राहुट्या असलेला हा मुलूख. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचं नाव पल्सार ताऱ्यांमुळे जास्त ऐकू येतं, पण ती बांधायचा एक मुख्य हेतू झेल्दोविच यांचे पापड शोधणं हा होता. आदिकाळातल्या त्या हायड्रोजनच्या प्रचंड ढगांची रेडिओ-खूण विशिष्ट लांबीच्या लहरींवर मिळेल, अशी अपेक्षा होती. पापड सापडले नाहीत. दरम्यान कृष्णद्रव्याच्या गणितांनी दुसऱ्या पक्षाला, 'लहानाकडून मोठ्याकडे' म्हणणाऱ्यांना, कौल दिला. ज्या वस्तूसाठी दुर्बीण बांधली ती वस्तूच नव्हती, आणि दुर्बीण मात्र दुसऱ्याच कामांसाठी अमूल्य ठरली. विज्ञानात हे नेहमीचंच आहे, पण अर्थसंकल्पाच्या बैठकीत समजावून सांगायला अवघड.

आता नद्यांकडे येऊ. २०१७ च्या जुलैमध्ये आयुका आणि आयसर पुणे यांच्या गटाने मीन राशीच्या दिशेला एक महासमूह जाहीर केला आणि त्याला नाव दिलं सरस्वती. जोयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी, प्रतीक दाभाडे, प्रकाश सरकार, जो जेकब अशी पुणे, जमशेदपूर, केरळ पसरलेली नावं त्यात होती. अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं, विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, आत किमान ४३ समूह, वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतकं. स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या ज्या पट्ट्यावर दुर्बीण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रोखली गेली होती, तिथेच ही रचना हाती लागली. आपल्याला दिसते ती विश्व सुमारे १० अब्ज वर्षांचं असतानाची सरस्वती.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत 'सर्वांत मोठा' हे विशेषण उदंड झालं. विशाल रचनांच्या बातमीला हा रोगच आहे. दरवेळी विक्रम मोडतो आणि काय कळलं ते मागे पडतं. महासमूहाची हद्द कुठे संपते याची सर्वमान्य व्याख्याच नाही. मुलुंड कुठे संपतं आणि ठाणं कुठे लागतं हे जकात नाक्यावरून कळायचं. विश्वात तसा नाका नाही. २०१४ मध्ये ब्रेंट टली आणि सहकाऱ्यांनी हद्द वेगळ्या तऱ्हेने आखली: ज्या दीर्घिकांचा ओढा एकाच दिशेला आहे त्या एका महासमूहातल्या. नदीचं खोरं जसं आखतात तसं. त्यातून आपला महासमूह निघाला लानिआकेआ, सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षांचा. पुढे २०२३ मध्ये सांख्यायन, बागची, आयुकाचे सुहृद मोरे आणि इतरांनी ६६२ महासमूहांची यादीच प्रसिद्ध केली, आणि त्यातल्या एकाला एस्तोनियाचे ज्येष्ठ संशोधक यान आइनास्टो यांचं नाव देण्यात आलं. जाळ्याचं चित्र ज्यांनी १९७० च्या दशकातच मांडलं, त्यांपैकी ते एक. ही यादी मला 'सर्वांत मोठ्या' सरस्वतीपेक्षा महत्त्वाची वाटते. एका महालाचं वर्णन वाचून शहर कळत नाही.

यादी हाती आली की मुलीच्या प्रश्नाकडे परत जाता येतं. १९८० मध्ये ॲलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतल्या दीर्घिकांचे प्रकार आणि आसपासची गर्दी यांची सांगड घालून बघितली. विरळ वस्तीत दहांपैकी सुमारे आठ सर्पिल. समूहाच्या गाभ्यात एखादी. गर्दी जशी वाढते तशा लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका वाढत जातात. प्रकार आणि पत्ता यांचा इतका सरळ संबंध बघून मी तरी पहिल्यांदा चकित झालो होतो.

यामागची कारणं आता बऱ्यापैकी उलगडली आहेत. समूहात दीर्घिकांच्या मध्ये कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. एखादी सर्पिल दीर्घिका तंतूवरून घसरत सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने त्यात शिरते, तेव्हा समोरचा वारा तिचा थंड वायू ओरबाडून काढतो. घाटकोपरला सकाळी नऊ वाजता मेट्रोच्या जिन्यावरून लोकलच्या पुलावर येताना छत्री, डब्याची पिशवी, क्वचित एक चप्पल मागे राहते, त्यातलाच प्रकार. काही दीर्घिकांमागे ओरबाडलेल्या वायूच्या लांब शेपट्या दिसतात, जेलीफिशसारख्या. तारे शिल्लक राहतात, जन्माचं सामान संपतं. काही दशकोटी वर्षांत बाहू पुसट होतात, निळाई जाते आणि भिंगाकार दीर्घिका उरते. गर्दीत शिरण्याआधीच, तंतूवर छोट्या टोळक्यांत असताना, दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळूनही तबकड्या मोडतात, तारे अस्ताव्यस्त फिरू लागतात आणि लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होते. आपली आकाशगंगा आणि देवयानी यांची अशीच टक्कर ठरलेली आहे, असं मी स्वतः अनेकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. २०२५ च्या एका अभ्यासाने पुढच्या १० अब्ज वर्षांत तसं होण्याची शक्यता निम्म्यावर आणली. ज्यांना सांगितलं त्यांची क्षमा मागायला हवी.

पोकळीतलं आयुष्य याच्या उलट. ओढाताण नाही, टकरा कमी, म्हणून दीर्घिका सावकाश वाढतात आणि आपला वायू जपून वापरतात. आपला स्थानिक गट या दोन टोकांच्या मध्ये. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका, एक त्रिकोण तारकासमूहातली मध्यम, आणि भोवती लहान दीर्घिकांचा गोतावळा, हे सगळं सुमारे १ कोटी प्रकाशवर्षांत. सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवरचा कन्या समूह हे आपलं जवळचं जंक्शन. आपण त्या जंक्शनच्या मार्गावरच्या एका बऱ्या, फार गजबजाट नसलेल्या स्टेशनात राहतो. देवयानी सर्पिल राहिली याचं हेही एक कारण आहे.

पण शेजार हे सगळं उत्तर नव्हे. वायू नुसता राहून राहूनही संपतो. २०२० मध्ये राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीने ७६५३ दूरच्या दीर्घिकांचे हायड्रोजनचे क्षीण संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण तारे जन्माला घालायचा सपाटा असा की बाहेरून भर पडली नसती तर एक-दोन अब्ज वर्षांत भांडार रिकामं झालं असतं. भर कमी पडत गेली आणि विश्वभर ताऱ्यांचा जन्मदर घसरला. भर येते ती तंतूंवरूनच. म्हणजे जाळं दीर्घिकेला पोसतं आणि जाळ्याची गाठच तिला उपाशीही मारते. खोडदच्या तबकड्यांनी पापड नाही दाखवले, हे दाखवलं.

नियमाला अपवाद शोधणारी एक जागा उपनगरातच आहे. कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात २००७ पासून अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालणारं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे. तिथले खगोलशास्त्रज्ञ आनंद होता (मराठी वाचकाला हे नाव म्हणजे पुरं वाक्यच वाटेल, आडनाव ओडिया आहे) यांनी २०११ मध्ये 'स्पेका' नावाची विचित्र दीर्घिका जगापुढे आणली. प्रचंड रेडिओ-फवारे सोडणं हे लंबवर्तुळाकार दीर्घिकांचं काम, असा संकेत आहे. स्पेका सर्पिल असून तेच करते, आणि एकदा नव्हे, थांबून थांबून अनेकदा. २०१३ मध्ये त्यांनी 'रॅड ॲट होम' हा नागरिक-संशोधनाचा उपक्रम सुरू केला. घरी संगणक आणि इंटरनेट असलेला विद्यार्थी जीएमआरटीची चित्रं निरखायला शिकतो आणि विचित्र काही दिसलं की कळवतो. २०२२ मध्ये या मंडळींच्या कामातून एक दीर्घिका समोर आली, जिच्या कृष्णविवराचा फवारा थेट शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एकमेकांना छेदणारी दोन विलक्षण रेडिओ-वर्तुळं जाहीर केली, विश्वाचं वय आजच्या निम्मं असतानाची, प्रत्येक सुमारे १० लाख प्रकाशवर्षं व्यासाचं. अशी वर्तुळं का बनतात, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण कृष्णविवरांचे फवारेही वायू हाकलतात आणि प्रकार बदलतात, हे धरलं तर 'शेजार की स्वभाव' या जुन्या वादात स्वभावाच्या पारड्यात बरंच वजन जातं.

आणि मग आली अलकनंदा. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक दीर्घिका शोधली. महास्फोटानंतर जेमतेम दीड अब्ज वर्षांनीची, पण दोन सुबक, समान बाहूंची, ३० हजार प्रकाशवर्षं व्यासाची नीटनेटकी सर्पिल. त्या वयात दीर्घिका गबाळ्या, वेड्यावाकड्या असतात असं मानलं जायचं. तबकडी स्थिर व्हायला आणि बाहू उमटायला वेळ लागतो ना! हिने इतक्या लवकर घडी कशी बसवली? नावही विचार करून दिलेलं आहे. हिमालयात मंदाकिनी अलकनंदेला मिळते, आणि मंदाकिनी हे हिंदीत आकाशगंगेचं नाव. सरस्वतीनंतर आणखी एक नदी. तळी आणि नद्यांचा हा पसारा ज्याने कोणी पहिल्यांदा 'दीर्घिका' म्हटलं, त्याला आवडला असता.

अलकनंदेसारखा एक नमुना अख्खा सिद्धांत पाडत नाही, पण प्रकारांच्या कहाणीतला काळाचा हिशेब मात्र त्याने विस्कटला आहे. विशाल रचनेच्या बाजूलाही असे दोन धागे सुटे लोंबताहेत. एक, जाळं कुठवर? कुठल्या तरी अंतरापलीकडे विश्व सगळीकडे सारखं दिसायला हवं, नाहीतर आपली गणितंच चालणार नाहीत. जसवंत यादव, जसजीत बागला आणि निशिकांत खांडाई यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला की ही मर्यादा जास्तीत जास्त १२० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असावी. त्याहून मोठ्या रचना सापडल्याचे दावे अधूनमधून येतात. २०२१ मधला ३३० कोटी प्रकाशवर्षांचा 'महाकमान' हा त्यांतला गाजलेला. अनेक तज्ज्ञांना तो योगायोगाने ओळीत आलेल्या ठिपक्यांचा भास वाटतो, आणि मलाही त्यांच्याच बाजूने झुकावंसं वाटतं. दुसरा धागा जास्त गंभीर आहे. ॲरिझोनातल्या डेसी उपकरणाने ५००० प्रकाशतंतूंनी एका वेळी हजारो वर्णपट घेत तीन वर्षांत जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांचा नकाशा काढला. १९८६ च्या ११०० पुढे ठेवून बघा. त्यावरून २०२५ च्या मार्चमध्ये असा संकेत मिळाला की पोकळ्यांना ताणणारी कृष्णऊर्जा कायम सारखी नसून हळूहळू मंदावत असावी. हे टिकलं तर जाळ्याचं भविष्य बदलेल. तूर्त तो संकेत आहे, निकाल नव्हे.

या वर्षी नोव्हेंबरात ती मुलगी पुन्हा गच्चीवर आली. आता अकरावीत आहे. देवयानी तिने स्वतः शोधली. मग विचारलं, "सरस्वती कुठेय?" सरस्वती दुर्बिणीतून दिसायचा प्रश्नच नव्हता. मी तिला महाश्वाचा चौकोन दाखवला, तिथून दक्षिणेला, मीनेतल्या पुसट ताऱ्यांच्या गोलाच्या खाली बोट नेलं. डिश अँटेना आणि टाकीचा पाइप यांच्या मध्ये थोडं मोकळं आकाश होतं. तिथे काहीच नव्हतं. तिने बराच वेळ दुर्बीण तिकडेच धरून ठेवली. मग टाकी भरून वाहू लागली, आणि वॉचमनला पंप बंद करायला सांगण्यासाठी तिला खाली धावावं लागलं.